दुपारी बाग बंद असते

१

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. ऊन कडक, आभाळ पांढरट, वारा अजिबात नाही.

धुतलेले कपडे अंबिका हॉलमधल्या स्टँडवर वाळत घालत होती. खिडकीच्या गजांवर कपडे टाकायला सोसायटीची बंदी होती. बाहेरून इमारत कशी दिसते याची काळजी पलीकडच्या विक्रीच्या टॉवरवाल्यांना फार, आणि अंबिका राहायची त्या पुनर्वसनाच्या इमारतीतल्या लोकांनी त्यांच्याशी भांडणं कधीच सोडून दिली होती. म्हणून स्टँड खिडकीला चिकटवून ठेवायचा, तिरपं येईल तेवढ्या उन्हावर भागवायचं. हे काम करताना तिची नजर आपोआप खाली जायची. एकोणिसाव्या मजल्यावरून खाली बाग दिसायची.

पूर्वी चाळी होत्या तेव्हा तिथे गिरणीचं आवार होतं. कडेला चिंचा, मधोमध तळं. गिरणी गेली, चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. आधी तळं बुजलं. मग एका कोपऱ्यात विजेचं सबस्टेशन आलं, दुसऱ्या अंगाने गाड्यांचा रॅम्प आला. उरली ती हिरवळीची एक पट्टी, तिच्याभोवती चालायची फरशी आणि दोनचार बाक. तीन बाजूंनी टॉवर असल्यामुळे ऊन फक्त मधल्या तुकड्यावर पडे, बाकीची हिरवळ वर्षभर सावलीत. सकाळ-संध्याकाळ तिथे पाऊल ठेवायला जागा नसे. चालणारे एकामागे एक चालत. पुढचा जरा रेंगाळला की मागची अख्खी रांग रेंगाळे. बाकावर बसायचं तर कोणी उठेपर्यंत शेजारी उभं राहायचं.

सकाळी दहाला बागेचा राखणदार लवू शिट्टी वाजवी, सगळ्यांना बाहेर काढी आणि फाटकाला कुलूप लावी. चार वाजेपर्यंत बाग बंद. अंबिकाचे सासरे नाना रोज सकाळी खाली जात आणि शिट्टी झाली की वर येत. लवू त्यांच्याच गावचा, मालवणकडचा, त्यामुळे त्यांच्यासाठी बाकाचं एक टोक तो राखून ठेवी.

त्या दिवशी नाना वर येऊन, जेवून, भिंतीला टेकून पेंगत होते. अंबिकाने टॉवेल झटकला आणि खाली पाहिलं. फाटकाला कुलूप होतं. आणि हिरवळीवर माणसं झोपली होती.

एकाला लागून एक, ओळीने झोपली होती. दोघांच्या मध्ये बोटभर हिरवं दिसत नव्हतं. एवढ्या उंचीवरून कोणाचं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. नुसत्या पाठी, मळकट कपड्यांच्या. रंगकामाची माणसं असतील, तिला वाटलं. दिवाळीच्या तोंडावर टॉवरना रंग चालू होता. लवूने दया येऊन आत घेतली असतील, जेवून पडली असतील बिचारी.

कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत वळली. परत आली तेव्हा हिरवळ मोकळी होती.

२

घरात तेव्हा एकच विषय होता. सून श्रेयाला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरची चाळ पाडलेली, आईवडील माटुंग्याला संक्रमण शिबिराच्या खोलीत भावाच्या कुटुंबासकट राहत होते. म्हणजे बाळंतपण इथेच. आतल्या खोलीत पलंग आणि कपाट, दार धड उघडत नाही अशी अवस्था. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी अंबिका झोपायची. पाळण्याला हवेशीर जागा एकच, हॉलमधली खिडकीखालची. तिथे नाना झोपत.

"मी काय त्यांना रस्त्यावर काढतोय का?" तिचा मुलगा मयूर म्हणाला. आवाज खाली ठेवून म्हणाला, पण चारशे फुटांच्या घरात खालचा आवाजही सगळ्यांचाच असतो. "कर्जतच्या पुढे आहे तो वृद्धाश्रम. मी फोटो दाखवले तुला. आंब्याची झाडं आहेत, अंगण आहे. इकडे काय आहे? बाकाचं एक टोक."

"पंच्याऐंशी वर्षांचा माणूस आहे रे तो."

"म्हणूनच ना आई! शनिवारी नुसतं बघून तर येऊ."

"मला काही प्रॉब्लेम नाहीये हं नानांचा," श्रेया पोटावर हात ठेवून म्हणाली. "फक्त ती गोधडी. मला तो वास आला की मळमळतं. तुम्ही त्यांना सांगू नका, आई."

घर नानांच्या नावावर मिळालेलं, पण नवरा गेल्यापासून घरात शेवटचा शब्द अंबिकाचा असे. मयूर तिच्या होकाराची वाट पाहत होता आणि नानासुद्धा वाट पाहत होते, हे तिला कळत होतं. ती रोज तो शब्द उद्यावर टाकत होती.

नानांनी सगळं ऐकलं होतं. चहाचा कप खाली ठेवून ते हसले.

"अरे, ह्या तर राजवाडो आसा," ते मयूरला म्हणाले. "मी गावसून इलंय तेव्हा आमच्या गाळ्यात पंचवीस माणसा. दिवसपाळीचे कामावर गेले, की रातपाळीचे त्यांच्याच जाग्यार पडत. जमीन कधी थंड म्हणान होय नाय. सगळ्यांनी एकाच कुशीवर निजूचा. एकट्याक वळूक जागाच नाय. मगे कोणतरी आराडलो, 'कूस!' की सगळे एकदम वळत."

"झोपेत?" श्रेयाने विचारलं.

"झोपेत. सवय होता बाय."

"आणि नवीन माणूस आला की?"

"नवीन माणूस स्वतः जागा मागूचो नाय. त्याका ज्यान आणलो, त्यान त्याची वळकटी सोडूची. माझ्या काकान सोडल्यान, अंथरल्यान नि म्हटल्यान, 'पड.' झाला! सगळे वायच वायच सरकले. मगे माका उठवची कोणाची टाप नाय."

"भारी सिस्टीम होती," मयूर म्हणाला आणि मोबाइल घेऊन आत गेला.

३

बुधवारी दुपारी ती माणसं पुन्हा दिसली.

या वेळी अंबिकाने गॅस आधी बंद केला आणि नीट पाहिलं. कालच्यापेक्षा जास्त होती. फरशीच्या कडेपर्यंत भरली होती. कोणी हलत नव्हतं, कोणी हातावर डोकं घेतलं नव्हतं, कोणी पाय पोटाशी ओढले नव्हते. सगळ्यांच्या पाठी एकाच बाजूला. ती चपला घालून खाली गेली.

लवू फाटकाजवळ खुर्ची टाकून डबा खात होता.

"लवू, रंगवाल्यांना आत झोपायला देतोस, ते सोसायटीला कळलं तर?"

"खयचे रंगवाले, वैनी? ते तिकडे रॅम्पाखाली जेवतत. हय दुपारी चिटपाखरू नसता. चावी बघा, माझ्या कमराक."

गजांतून हिरवळ दिसत होती. रिकामी होती. एक पांढरी पिशवी आणि सुकलेली पानं, बाकी काही नाही. पण गवत उभं नव्हतं. सबंध पट्टीभर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते एकाच दिशेने लवलं होतं.

"पाणी मारलंस का आज?"

"पाण्याचो टँकर दोन दिवस खंय इलो?"

ती बसली. फाटकापाशी गवत फरशी ओलांडून गजांपर्यंत आलं होतं; गजांतून हात आत घालून तिने तळवा त्यावर टेकवला. गवत कोमट होतं. ऑक्टोबर आहे, तिने मनाशी म्हटलं, सगळंच तापतं. मग तिने वर पाहिलं. ती बसली होती तिथे टॉवरची सावली होती. तिथे ऊन कधीच येत नसे; पावसाळ्यातलं शेवाळ अजून फरशीच्या सांध्यात ओलं होतं. तिने शेजारच्या फरशीला हात लावला. फरशी थंड होती. पुन्हा गवताला लावला.

"काय हरवला वैनी?"

"काही नाही रे."

लिफ्टमध्ये उभं राहायला कशीबशी जागा मिळाली. नवव्या मजल्याच्या बाई म्हणाल्या, "जरा सरकून घ्या हं." अंबिका सरकली. भास म्हणावा तर दोन दिवस एकच भास कसा होईल? आणि खरं म्हणावं तर लवूला का दिसू नये? डोळे तपासून घ्यायला हवेत, एवढं तिने ठरवलं. मग घरी येऊन तिने नानांना भाजी वाढली.

४

गुरुवारी तिने दिवाळीची साफसफाई काढली. डबे घासले, माळा झाडला, आणि श्रेया आंघोळीला गेलेली पाहून नानांची गोधडी उचलली. सासूने शिवलेली, जुन्या लुगड्यांची. उन्हात चांगली तापली की वास जाईल, आणि कोणाला काही सांगावंही लागणार नाही.

गच्चीला कुलूप होतं. तिची चावी कमिटीकडे. गजांवर बंदी. रॅम्पच्या कठड्यावर टाकायला गेली तर रखवालदाराने हात हलवून नाही म्हटलं. मग राहिली बाग. सकाळची गर्दी ओसरत होती. नाना बाकाच्या टोकाला बसून दोघा म्हाताऱ्यांशी बोलत होते. तिकडे पाठ करून ती हिरवळीवर गेली. मधल्या तुकड्यावर ऊन यायला सुरुवात झाली होती. तिने गोधडी सोडली, झटकली, चारी कोपरे ओढून अंथरली. 'चार वाजता नेते,' असं लवूला सांगितलं. लवूने मान डोलावली.

दुपारी ती खिडकीशी गेली ती गोधडीला ऊन लागतंय का, हे पाहायला.

माणसं होती. पट्टी काठोकाठ भरली होती. मधोमध गोधडी होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. जागेसाठी एवढी दाटी, तरी गोधडीच्या काठावर कोणाचा हात नव्हता की पाय नव्हता. तिच्या दोन्ही अंगांना पाठी, आणि मध्ये ते एक लांबट, रंगीत, मोकळं अंतर.

अंबिकाला भीती वाटायला हवी होती. ती आपल्या छातीत भीती शोधत होती आणि तिला तिथे काही सापडत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं, तसं.

मग सगळ्यांनी कूस बदलली.

एकदम. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकाच वेळी, मागेपुढे न होता. खिडकी बंद होती, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, तरी तिला आवाज आला. चटईवर कोणी हात फिरवावा तसा. आणि गोधडीशेजारचे दोघे वळले तेव्हाही मधलं अंतर तेवढंच राहिलं.

"आता डाव्या कुशीवर आसत," मागून नाना म्हणाले.

ते केव्हा येऊन उभे राहिले, तिला कळलं नव्हतं.

"नाना, तुम्हाला दिसतात?"

"दिसतत तर."

"कोण आहेत ती?"

डोळे बारीक करून नाना मधल्या जागेकडे पाहत होते. "ती गोधडी कोणाची गो?"

"तुमचीच. ऊन लागावं म्हणून..."

"तू घातलंस?"

"हो."

"तुझ्या हातान अंथरलंस?"

"हो, नाना. चार वाजता घेऊन येते ना."

नानांनी पुन्हा एकदा खाली पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल पडला. कित्येक आठवडे आवळून धरलेलं काहीतरी त्यांनी सोडून दिल्यासारखं दिसलं.

"बरा केलंस," ते म्हणाले. "तू सांगतलंस, ह्या बरा झाला. मी तुझ्याच शब्दाची वाट बघी होतंय."

"मी कुठे काय सांगितलं?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते जाऊन भिंतीला टेकून बसले. खिडकीखाली नाही. दाराशेजारी, चपलांच्या जवळ.

५

चार वाजता तिने गोधडी आणली. फाटक उघडताच मुलांनी हिरवळ भरून टाकली होती, त्यांच्यातून वाट काढत तिला जावं लागलं. गोधडीचा वास गेला होता. तिला आता मातीचा वास येत होता.

नानांनी ती घ्यायला हात पुढे केला नाही.

"कित्याक उचललंस? जागा जायत."

"नाना, असं काय बोलता? जागा इथे आहे तुमची." तिने गोधडी खिडकीखाली अंथरली. तिला लहानशी घाई झाली होती, कशाची ते कळत नव्हतं. मयूर कामावरून आला, तो अजून बूट काढत होता तेवढ्यात ती म्हणाली, "शनिवारी कुठे जायचं नाही. नाना इथेच राहतील. पाळणा ओट्यापाशी बांधू, मी दारात झोपेन."

"दारात? आणि रात्री बाथरूमला जायचं तर तुला ओलांडून जायचं?"

"जा ओलांडून."

"आई, तू थकलीयेस. उद्या बोलू."

"बोलायचं काही नाही. सांगितलं मी."

श्रेयाने मयूरच्या दंडाला हात लावला. हिंदमात्याच्या कापडबाजारातून बाळासाठी आणलेलं झबल्याचं कापड तिच्या मांडीवर होतं, ते ती पुन्हा घडी घालू लागली. "ठीक आहे ना," ती म्हणाली. "करू ॲडजस्ट."

एवढे आठवडे न निघालेला शब्द निघाला होता. अंबिकाने नानांकडे पाहिलं. त्यांना आनंद झालेला दिसेल, असं तिला वाटलं होतं.

"ऐकलंत ना, नाना?"

"ऐकलंय." त्यांनी प्रेमाने मान हलवली, लहान मुलाच्या बोलण्यावर हलवतात तशी. "पण एकदा अंथरला, मगे अंथरला. तू कित्याक वाईट वाटून घेतंस?"

त्या रात्री ते गोधडीवर झोपले नाहीत. दाराशेजारी लादीवर झोपले, डाव्या कुशीवर, अंग आखडून, कमीत कमी जागा घेऊन.

६

शुक्रवारी, १७ तारखेला, वसुबारस होती. ऊन तसंच. अंबिका म्हणाली, "आज खाली नका जाऊ, नाना." ते बरं म्हणाले. ती देवापाशी बसली, श्रेयाला डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मयूर टॅक्सी बघत होता, दार उघडं होतं. ती उठली तेव्हा चपलांमध्ये नानांच्या चपला नव्हत्या.

बागेतच असतील. लवू आहे तिथे. शिट्टी झाली की येतील. लवूची शिट्टी तिने ऐकली आणि ती दारात उभी राहिली. लिफ्ट दोनदा वर आली, भरलेली आली, आणि नाना तिच्यात नव्हते.

ती खिडकीशी गेली.

पट्टी भरली होती. काल गोधडी होती तिथे आज रंगीत काही नव्हतं. तिथेही पाठ होती. पांढऱ्या सदऱ्याची. नानांचे सगळेच सदरे पांढरे. पण पांढरा सदरा कोण घालत नाही? तिने स्वतःला बजावलं की एकोणिसाव्या मजल्यावरून सदरा ओळखता येत नाही. चटईवर हात फिरवल्यासारखा आवाज आला आणि सगळे वळले.

एक मागे राहिला. पांढऱ्या सदऱ्याच्या माणसाने आधी कोपर टेकलं, मग गुडघा धरला, जरा थांबला, आणि इतरांनंतर सावकाश उजव्या कुशीवर झाला. नानांचा डावा गुडघा धरत असे. रोज पहाटे ओट्यापाशी पडल्या पडल्या ती त्यांचं वळणं ऐकत असे.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. प्रत्येक मजल्यावर माणसं आत आली. तिला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

"उघड," ती लवूला म्हणाली. "नाना आत राहिलेत."

"नाय हो वैनी! मी सगळी फेरी मारून कुलूप घातलंय. नाना शिट्टीआधीच उठले होते. मी म्हटलं, वर गेले."

"उघड, लवू."

त्याने उघडलं. हिरवळ रिकामी होती. लवू बाकांच्या मागे, सबस्टेशनच्या भिंतीपाशी, झुडपांत पाहून आला. "नाना! ओ नाना!" त्याची हाक तीन टॉवरवर आपटून परत येत होती. अंबिका हिरवळीच्या मधोमध गेली. गवत लवलेलं होतं. ती गुडघ्यावर बसली आणि तिने दोन्ही तळवे टेकवले.

खाली ऊब होती. माणसाच्या अंगाची असते तेवढीच.

"नाना," ती हळू म्हणाली, "चला घरी. जागा केलीय."

गवत हललं नाही. पण तिच्या तळव्यांखालची ऊब जरा बाजूला झाली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, अगदी थोडी थोडी, आणि तिच्या गुडघ्यांच्या दोन्ही अंगांना गवत तिच्यापासून दूर कललं. मध्ये एका माणसाच्या रुंदीची पट्टी थंड पडत गेली. ती तिच्याच मापाची होती.

तिने हात उचलले. उभी राहिली. पदर झटकला.

"गावले?" लवूने लांबून विचारलं.

"नाही."

"मगे भायर येवा. कुलूप घालतंय."

ती बाहेर आली.

७

नाना मिळाले नाहीत. हरवल्याची तक्रार त्याच संध्याकाळी नोंदवली. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ते सकाळी आत जाताना दिसतात. बाहेर येताना दिसत नाहीत. नोव्हेंबरात सबस्टेशनच्या नव्या केबलसाठी हिरवळ मधोमध पुरुषभर खोल खोदली, तेव्हा माती आणि चिंचेच्या जुन्या मुळांखेरीज काही निघालं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रेयाला मुलगी झाली. पाळणा खिडकीखाली बांधला.